दीड इंचाची फळी इंचाच्या आत आली तरी वाकडी ती वाकडीच, काय चुकतंय?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

मोहोळजवळ आमची शेती आहे, तिथं विहिरीच्या कडेला आजोबांनी लावलेला कडुनिंब होता, मागच्या मे महिन्यात वळवाच्या वादळात मुळासकट आडवा झाला. चुलते म्हणाले जळणाला देऊन टाकू, मी म्हटलं थांबा जरा, आणि बुंधा ट्रॅक्टरनं मिलवर नेऊन दीड दीड इंचाच्या फळ्या पाडून घेतल्या. नऊ निघाल्या, सात फूट लांब आणि दहा-साडेदहा इंच रुंद. तेव्हापासून त्या आमच्या गच्चीवर एकावर एक रचून ठेवल्यात, वरून ताडपत्री. पोरगी आठवीत आहे, तिला अभ्यासाचं टेबल करून द्यायचं, चार बाय दोन फुटांचा टॉप, पणजोबांच्या झाडाचं टेबल म्हणून ती पण खूश.

आता झालंय असं की फळ्या वाळता वाळता वाकल्यात. एक फळी शहाबादीवर ठेवून बघितली तर मधे 15 मिमीचा बाक, रुंदीत पन्हळ पडलीय ती 6 मिमी, शिवाय एक कोपरा दाबला की दुसरा उचलतो म्हणजे पीळ पण आहेच. मी 82 मिमीचा इलेक्ट्रिक रंधा घेतला आणि दोन रविवार मारला. फळी सरळ झाली नाही पण दोन्ही टोकांना खड्डे पडले आणि मधे पट्टे पट्टे दिसायला लागले, शेतात नांगर फिरवल्यासारखे. मग वैतागून मिलवर नेली, तिथल्या थिकनेस मशीनमधून पाच-सहा वेळा काढून घेतली. बाहेर आली तेव्हा काचेसारखी गुळगुळीत, मी खूश, घरी आणून ओट्यावर ठेवली तर तसाच झोपाळा! आणि जाडी बघतो तर इंचाच्या आत. मशीनवाल्याला फोन केला तर म्हणाला साहेब मशीन सरळच आहे तुमचं लाकूडच वाकडं आहे.

अशा तीन फळ्या वाया गेल्या, सहा शिल्लक आहेत. विचारायचं एवढंच की मशीनमधून काढूनसुद्धा फळी सरळ का होत नाही? हाताचा रंधा घ्यावा का, का राउटर (फिरत्या पात्यानं लाकूड खाणारं मशीन), का सरळ प्लायवूड आणावं?

मिस्त्रीचा_पोरगा

मशीनवाला खोटं बोलत नाहीये भाऊ, पण त्यानं अर्धंच सांगितलं.

थिकनेसरचं काम जाडी सारखी करणं, फळी सरळ करणं हे त्याचं कामच नाही. आत वरती रोलर असतात, ते फळीला खालच्या टेबलावर दाबून धरतात आणि पुढे ढकलतात. तुमची फळी आत गेली की रोलरनं तिला दाबून सपाट केली, त्या दाबलेल्या अवस्थेत वरून पत्तीनं कापलं, आणि बाहेर आल्यावर दाब गेला की फळी परत आपल्या मूळ आकारात. म्हणजे तुम्हाला काय मिळालं तर सगळीकडे एकसारख्या जाडीची वाकडी फळी. सहा वेळा घातली असती तरी तेच आणि साठ वेळा घातली असती तरी तेच, फक्त शेवटी पापुद्रा राहिला असता.

फळी आधी एका अंगानं सपाट करावी लागते, मग ते अंग खाली ठेवून थिकनेसरमध्ये घालायची, मग वरचं अंग आपोआप समांतर येतं. हे पहिलं अंग एकतर हातानं करायचं नाहीतर सरफेस प्लेनरवर. सरफेस म्हणजे ज्याचं कटर खालून असतं आणि फळी वरून हातानं ढकलतात ते मशीन. बऱ्याच मिलवाल्यांकडं दोन्ही असतात पण आपण "रंधा मारून द्या" एवढंच सांगतो, मग कामाला असलेला पोरगा जे मोकळं असेल त्यात घालतो. तुम्ही सांगायचं "आधी एक बाजू सरफेसवर घ्या, मग एक कड गुण्यात (काटकोनात) घ्या, मग थिकनेसला टाका". असं नीट सांगितलं की तो पण ओळखतो की गिऱ्हाइकाला कळतंय.

पण खरी चूक त्याच्याही आधीची आहे. तुम्ही सात फुटाची अख्खी फळी सरळ करायला बसलात. कशाला? टेबल चार फुटाचं आहे ना?

हिशोब बघा. बाक हा गोलाईचा तुकडा असतो, आणि लांबी अर्धी केली की बाक अर्धा होत नाही, चौथाई होतो. तुमच्या सात फुटात 15 मिमी आहे, त्यातून चार फुटाचा तुकडा कापला की त्यात बाक उरतो जेमतेम 5 मिमी. उरलेल्या तीन फुटात तीन मिमीपण नाही. पन्हळीचं पण तेच, दहा इंचाची फळी मधून उभी चिरली की 6 मिमीची पन्हळ दीड मिमीवर आली. पीळ तेवढा कमी होत नाही, लांबीच्या प्रमाणातच घटतो, पण घटतो.

आता जाडीचा हिशोब लावा. अख्खी फळी दोन्ही अंगांनी सरळ केली असती तर 38 मधून 15 बाकाचे गेले आणि 6 पन्हळीचे, राहिले 17, म्हणजे पाऊण इंच पण नाही, पीळ अजून धरलाच नाही. तेच आधी चार फूट बाय पाच इंचाच्या पट्ट्या केल्या तर 38 वजा 5 वजा दीड, एकतीस-साडेएकतीस. पीळ आणि करवतीच्या खुणा काढून सव्वा इंचाला एखादा सूत (म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी मिळेल. टेबलाला तेवढी जाडी भरपूर झाली.

पाच इंची पाच पट्ट्या जोडल्या की कडा साफ करून दोन फूट होतात. आमचे वडील म्हणायचे आधी करवत मग रंधा, मी लहानपणी समजायचो की ते हत्यारं भिंतीवर टांगायचा क्रम सांगतायत.

आणि कापताना दोन इंच जास्त ठेवा, चार फूट दोन इंच. टोकं शेवटी कापायची असतात.

बार्शीवाला

कडुनिंबाचं टेबल म्हणजे पोरगी अभ्यासाला बसली की कडू तोंड करूनच बसणार 😄 प्लाय आणा, सनमायका मारा, दोन दिवसात विषय संपला.

जुळेसोलापूरकर

@बार्शीवाला प्लायचा विचार तीन वेळा केला ओ, पण चुलत्यांना जळणाला देऊ दिलं नाही ना मी, आता माघार घेतली तर गावाकडं तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

@मिस्त्रीचा_पोरगा हे चौथाईचं गणित डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद. पण सरफेस मशीनसाठी दर वेळी मिलवर जाणं जमत नाही, एकतर रविवारी बंद आणि सध्या गड्डा यात्रेच्या गर्दीत तिकडं टेम्पो घालायची सोय नाही. घरी हातानं पहिलं अंग सपाट करता येईल का? आणि सपाट झालं हे ओळखायचं कसं? माझ्याकडं लेव्हल आहे पण ती दोन फुटाची.

पूर्वभागवाला

येतं की, का येत न्हाई. लेव्हल ठेवा बाजूला, तिचा हितं काय संबंध. लेव्हल जमिनीला विचारती, आपल्याला फळीला विचारायचंय.

आमच्या घरात माग होते, माझं निम्मं आयुष्य लूमची लाकडी पार्टं दुरुस्त करण्यात गेलं, पिकिंग स्टिक म्हणा, फणीची चौकट म्हणा, त्यात एक सूत पीळ राहिला तरी धोटा उडून बाहेर येतोय, म्हणून पीळ बघायची सवय लागली. दोन पद्धती सांगतो.

पहिली, आपल्या सोलापुरात फुकट मिळणारी वस्तू, लूमचं सूत. बारीक पण पक्कं घ्या. फळीच्या चार कोपऱ्याला बारीक चुका मारा सारख्या उंचीवर आणि सूत फुलीसारखं आडवं तिडवं ताणा. मधे जिथं दोन्ही सुतं एकमेकाला ओलांडतात तिथं नजर घालायची. मधे फट असंल तर पीळ आहेच. नुसती टेकत असतील तर लगेच खूश व्हायचं न्हाई, वरचं सूत खालच्याला दाबत असंल तरी टेकल्यासारखंच दिसतंय. म्हणून खालचं वर आणि वरचं खाली करून परत बघा. दोन्ही वेळा अलगद टेकली तर पीळ न्हाई. हे न करता लोक फसत्यात.

दुसरी, दोन सरळ पट्ट्या. सुतारकामाच्या इंग्रजी पुस्तकात त्याला वाइंडिंग स्टिक म्हणत्यात. तुम्ही काय करा, स्लायडिंग खिडकीवाल्याकडनं ॲल्युमिनियमच्या सेक्शनचे दोन तुकडे आणा, दीड दीड फुटाचे, तो भंगारच्या भावात देतोय. एकाच्या वरच्या कडेला पांढरा रंग लावा. एक पट्टी फळीच्या ह्या टोकाला आडवी, दुसरी त्या टोकाला, आणि वाकून एक डोळा झाकून एकीच्या कडेवरनं दुसरीची कड बघा. दोन्ही कडा एका रेषेत मिटल्या तर ठीक, एका बाजूला पांढरी पट्टी उघडी पडली तर तो कोपरा उंच आहे. पट्टी फळीपेक्षा लांब असल्यामुळं चूक मोठी होऊन दिसती, त्यातच खुबी आहे. मग कोपरे खडूनं मार्क करा. बहुतेक वेळा तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे उंच निघतात, तेवढेच आधी उतरवायचे. सगळ्या फळीवर रंधा फिरवलाव की गेलं, पीळ तसाच खाली खाली जातोय.

आता रंधा. लोखंडी जॅक प्लेन घ्या, नंबर 5, चौदा इंचाचा. जुन्या बाजारात मिळाला तर अजून चांगला, गंज बघू नका, तळ सरळ आहे का आणि फ्रेमला तडा न्हाई ना एवढं बघा. पन्हळीची बाजू खाली ठेवा म्हणजे फळी दोन कडांवर बसती, डुलत न्हाई. थोडी डुलली तर खाली पत्त्याच्या घड्या घाला, पत्ते म्हणजे खेळायचे पत्ते. मधला फुगवटा वर आला ना, त्यावर रंधा सरळ लांबीत न्हाई मारायचा, आडवा मारायचा, लाकडाच्या रेषेला काटकोनात नाहीतर तिरपा. आडवा मारला की लाकूड जाड निघतंय आणि फाटत न्हाई. फक्त पलीकडची कड फुटती, म्हणून ती कड आधीच रंध्यानं थोडी मारून घ्या. फुगवटा गेला की तिरपा, ह्या बाजूनं आणि मग त्या बाजूनं, आणि शेवटी लांबीत.

कळंल बगा तुम्हालाच. आधी रंधा टुक टुक टुक करतोय, तुकड्या तुकड्यात सोलतंय. मग छिलपी लांब लांब येत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता एक छिलपी निघाली आणि आवाज एकसारखा सर्रकन आला की पट्ट्या लावून बघायची वेळ झाली.

जुळेसोलापूरकर

अण्णा भारीच सांगितलंत. पत्त्यांचा कॅट शोधतो, ॲल्युमिनियमवाला तर आमच्या कोपऱ्यावरच आहे.

एक राहिलं, तो इलेक्ट्रिक रंधा घेऊन बसलोय त्याचं काय करू? टोकाला खड्डे का पडतात?

गच्चीवरचा_कारखाना

खड्ड्यांचं मी सांगतो, मी पण याच शाळेतून गेलोय. सुरुवात करताना मशीनचा फक्त पुढचा तळ लाकडावर असतो, मागचा हवेत, आणि आपण मागच्या मुठीवर जोर देतो, मग मशीन मागं झुकतं आणि बचकन खातं. शेवटी उलटं, पुढचा तळ लाकडाच्या बाहेर गेलेला असतो आणि आपण पुढच्या मुठीवर रेलतो, परत खड्डा. म्हणून सुरुवातीला जोर पुढे, मधे दोन्हीवर सारखा, शेवटी पुढचा हात नुसता ठेवायचा आणि जोर मागे.

तरी शेवटच्या टोकाला पडतच असेल तर पत्ती बघा. प्लग काढायचा (खरंच काढायचा, स्विच बंद करून चालत नाही), मशीन उलटं करायचं, मागच्या तळावर स्टीलची पट्टी ठेवून पत्तीपर्यंत सरकवायची आणि ड्रम हातानं हळू फिरवायचा. पत्ती पट्टीला नुसती घासून गेली पाहिजे. पट्टी उचलत असेल तर पत्ती वर आहे. आणि पट्टे पट्टे दिसतायत ते 82 मिमीच्या रुंदीमुळं, प्रत्येक फेरीची कड उमटते, ते हाताच्या रंध्यानंच जाणार. मी तो फक्त उंचवटे खायला वापरतो, खडूनं मार्क केलेले कोपरे तेवढे. अर्ध्या मिमीच्या वर डेप्थ ठेवू नका.

बाकी माझं मत विचाराल तर राउटर स्लेड करा. दोन बाजूला दोन सरळ रूळ, त्यावरून सरकणारी चौकट, त्यात राउटर. फळी खाली पाचर मारून घट्ट, आणि राउटर इकडून तिकडे. एका वेळी एक-दीड मिमी. पीळ असो पन्हळ असो, त्याला काही फरक पडत नाही, रूळ सरळ तर फळी सरळ.

मिस्त्रीचा_पोरगा

स्लेड चांगलाच, पण दोन फूट रुंद अख्खा ओंडका असेल तर. पाच इंची पट्ट्यांना तो कशाला, चौदा इंचाच्या रंध्यानं अर्ध्या तासात एक पट्टी होते आणि शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा पण जात नाही.

गच्चीवरचा_कारखाना

भुशाचं बरोबर आहे 🙏 आमच्याकडं त्यावरून मीटिंग झालीय सोसायटीची. कडुनिंबाचा बारीक भुसा तर नाकात गेला की शिंका आणि घसा कडू, मास्क लावाच भाऊ, रुमाल नाही.

वखारीतला

सगळे रंध्यावर बोलताय, लाकूड वाळलंय का कुणी विचारलंच नाही.

फळ्या एकावर एक रचून वर ताडपत्री म्हणालात ना, तिथंच निम्मं वाटोळं झालंय. मधे पट्ट्या घातल्या होत्या का? नसतील तर वरच्या फळीचं वरचं अंग गच्चीच्या उन्हात तापून वाळलं आणि खालचं अंग दबून ओलंच राहिलं. मधल्या फळ्या अजून ओल्या असणार. ओल्या फळीला कितीही अचूक रंधा मारा, आज सपाट, पंधरा दिवसांनी परत पन्हळ.

पन्हळ पडते का, तर लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. वर्षकड्यांच्या (खोडातल्या गोल कड्यांच्या) दिशेनं जास्त आकसतं, साधारण दुप्पट, आणि सालीकडून गाभ्याकडे कमी. त्यामुळं ओंडक्याच्या कडेच्या फळ्या वाळताना सालीकडच्या बाजूला खोलगट होतात. टोकाला कड्या बघितल्या की फळी कुठं वळणार ते आधीच कळतं. ओंडक्याच्या अगदी मधला गाभा ज्या फळीत आलाय ती मधून चिरणारच, ती चिरायच्या आत तुम्हीच चिरा, दोन तुकडे करा आणि मधलं बोटभर लाकूड काढून टाका.

आपल्याकडची हवा वेगळी आहे हे पण धरा. एप्रिल-मेच्या दुपारी 42-43 डिग्री आणि हवा भाजल्यासारखी कोरडी, त्यात लाकडातला ओलावा 5-6 टक्क्यांपर्यंत उतरायला बघतो. आणि पावसाळ्यात झड लागली की तेच लाकूड 14-15 वर चढतं. कोकणातला माणूस वाळवायची काळजी करतो, आपण फार पटकन वाळतंय याची केली पाहिजे. पटकन वाळलं की टोकं फाटतात, कारण टोकाकडून पाणी सगळ्यात जोरात निघतं. टोकांना जुना ऑइल पेंट लावा, नाहीतर मेण वितळवून लावा, काहीच नसलं तर फेविकॉलचे दोन हात.

काय करायचं तर पोरगा सांगतोय तसे तुकडे आत्ताच कापा. मग गच्चीवर नाही, जिन्याखाली किंवा गाडी लावतो तिथं, सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, दर दीड फुटावर एकसारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा, पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत आल्या पाहिजेत नाहीतर फळी त्याच आकारात वाळते. वरती वजन, शहाबादीचे दोन तुकडे ठेवा. फॅन लावू नका.

वाळलं हे कसं कळणार? मीटर असेल तर उत्तम. नसेल तर बॅग मोजायचा टांगता डिजिटल काटा घ्या, एक तुकडा खुणेचा ठरवा आणि दर रविवारी त्याचं वजन भिंतीवर लिहा. आठवड्याला शंभर ग्रॅम उतरतंय म्हणजे अजून पाणी निघतंय. दोन-तीन रविवार वजन हललं नाही म्हणजे हवेशी जुळलं. आकडाच पाहिजे असेल तर टोकापासून वीतभर आतला एक लहान तुकडा कापा, सोन्याच्या काट्यावर मोजा, ओव्हनमध्ये शंभर डिग्रीच्या आसपास वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा, परत मोजा. मी मागे केलं तेव्हा 212 ग्रॅमचे 186 झाले, फरक 26, भागिले 186, म्हणजे 14 टक्के. ओव्हन घरच्यांना विचारून वापरा, वास येतो.

पूर्वभागवाला

वखारवाल्यांचं खरं हाय. आणि एकदम शेवटच्या मापाला रंधा मारू नका. पहिल्या दिवशी दोन्ही अंगं मारून मापापेक्षा सूतभर जाड ठेवा, उभी करून सोडा आठ दिवस, भिंतीला टेकून न्हाई, दोन्ही बाजूला हवा लागंल अशी. लाकडातला ताण सुटतोय, ती थोडी हलतीच. मग शेवटचा हात.

जुळेसोलापूरकर

मधे पट्ट्या नव्हत्या घातल्या 😞 उद्याच कापतो. काही विचारायचं झालं तर याच धाग्यावर येईन.

जुळेसोलापूरकर (दोन महिन्यांनी)

धागा वर काढतोय, राग मानू नका.

सहा फळ्यांच्या चार फूट दोन इंचाच्या बारा पट्ट्या केल्या, एका फळीत गाभा निघाला, तो काढून टाकला. जिन्याखाली रचल्या. खुणेची पट्टी पहिल्या रविवारी 4 किलो 760 ग्रॅम भरली, पाचव्या रविवारी 4 किलो 510, त्यानंतर तीन रविवार पाच-दहा ग्रॅमच इकडं तिकडं. जिन्याखालच्या भिंतीवर आकडे पेन्सिलनं लिहिलेत, पाहुणे आले की विचारतात दुधाचा हिशोब आहे का.

मंगळवार बाजारात फिरून एक जुना नंबर 5 मिळाला, गंजलेला. तळ बघितला, ठीक होता. पत्तीला धार लावण्यात दोन संध्याकाळी गेल्या, आधी निसण्यावर मग ऑइल स्टोनवर, मनगटावरचे केस निघायला लागले तेव्हा थांबलो.

पहिली पट्टी सपाट करायला मला तीन तास लागले, अर्धा तास नाही. चुकलो कुठं तर अण्णांनी सांगूनसुद्धा मी सगळीकडे फिरवत बसलो. मग सूत ताणलं, मधे फट दिसली, खडूनं दोनच कोपरे रंगवले आणि तेवढेच मारले, वीस मिनिटांत फट गेली. दुसरी पट्टी दीड तास, पाचवी पट्टी पंचेचाळीस मिनिटं. आणि ती न तुटता निघालेली छिलपी, चार फुटाची, पोरीनं वहीत घालून ठेवलीय.

एक अडचण आली ती सांगतो. कडुनिंबाची रेषा मधेच उलटते, एका बाजूनं मारलं तर अर्धी पट्टी गुळगुळीत आणि अर्धी चामडी सोलल्यासारखी. दिशा बदलली तर उलटं. त्यावर काय?

मिस्त्रीचा_पोरगा

रविवारच्या दुधाचा हिशोब 😂

उलट्या रेषेला, पत्तीवर जी दुसरी लोखंडी पट्टी बसते ती धारेच्या अगदी जवळ आणा, अर्धा मिमी किंवा त्याहून कमी. मग छिलपी वर उचलायच्या आत मोडते आणि लाकूड खालून फाटत नाही. कट एकदम बारीक, पत्तीला परत धार, आणि रंधा थोडा तिरपा धरून. तरी राहिलं तर रंधा सोडा आणि खरवडून काढा. स्क्रॅपर असेल तर स्क्रॅपरनं, नाहीतर आमच्याकडं अजून फुटक्या काचेच्या तुकड्यानंच खरवडतात, ताजी फुटलेली कड पाहिजे. हाताला चिकटपट्टी गुंडाळा.

पट्ट्या जोडताना एक करा. शेजारच्या दोन पट्ट्या पुस्तक मिटल्यासारख्या एकमेकींना लावून शिकंज्यात उभ्या धरा आणि दोन्हीच्या कडा एकदमच रंधा. रंधा थोडा कलला तरी एकीचा कोन जेवढा कमी तेवढाच दुसरीचा जास्त, उघडून समोरासमोर ठेवल्या की बरोबर सपाट जुळतात. गुण्या लावत बसायची गरज नाही.

जुळेसोलापूरकर (नऊ दिवसांनी)

जोडला! पाच पट्ट्या, फेविकॉल, उसने आणलेले चार शिकंजे. काचेनं खरवडायची युक्ती एकदम चालली, बोट एकदाच कापलं. जाडी 28 मिमी भरली, कुठं 27. एका कोपऱ्यात अर्धा मिमी पीळ अजून आहे, तो कोपरा भिंतीकडं करणार. जवसाच्या तेलाचे दोन हात दिलेत, रंग चहासारखा आलाय. टॉप खाली लोखंडी चौकटीवर सोळा स्क्रूनं असा घट्ट आवळलाय की आता हलायची बिशाद नाही.

वखारीतला

सोळा स्क्रू खोला आधी.

आत्ता मार्च संपत आलाय, लाकूड एकदम कोरडं आहे. जुलैत दोन फुटाचा टॉप रुंदीत दोनेक सूत तरी फुगणार. लोखंडी चौकट फुगत नाही. मग एकतर टॉप कमानीसारखा उठणार नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात मधून तडकणार, आणि तेव्हा परत धागा काढाल. लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. चौकटीतली मधल्या रांगेची भोकं तशीच ठेवा, पुढची आणि मागची भोकं टेबलाच्या रुंदीच्या दिशेनं लांबट करा, स्क्रूखाली वायसर घाला आणि हलका आवळा, सरकला पाहिजे.

पूर्वभागवाला

आणि खालच्या अंगाला तेल दिलंय का? वरनंच दिलं आसंल. दोन्हीकडं द्या, नाहीतर एक अंग हवा पितंय आणि एक न्हाई.

जुळेसोलापूरकर

वरनंच दिलंय 😐

खोलतोय. ड्रिल चार्जिंगला लावलंय. पोरगी दारात उभी राहून विचारतीय टेबल दिलं की परत घेतलं.

बार्शीवाला

प्लायचं दुकान रविवारी एकपर्यंत उघडं असतं, सहज सांगितलं.